‘सोड’ न म्हणणारे ठोकळेमामा

ठोकळेमामा कुणाच्या लग्नाला निघाले तरी त्यांच्या मोपेडच्या कॅरिअरला बाभळीचे दोन ठोकळे बांधलेले असायचे. सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून आवळलेले, तेल आणि ग्रीस पिऊन काळेकुळकुळीत झालेले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, आणि मागे हे लटांबर. मांडवात टवाळ मंडळी असतातच. ठोकळे नवरदेवाच्या पाटाखाली लावायचेत का, असं कुणीतरी विचारायचं. मामा हसत नसत. वाटेत कुणाची गाडी बंद पडलेली दिसली तर मी काय तिच्याखाली नुसता हात घालू, असा त्यांचा उलटा सवाल असे. ठोकळा लावल्याशिवाय त्यांनी कुठल्याही गाडीखाली कधी हात घातला नाही. कधी म्हणजे एकदाच घातला, आणि त्या एका वेळेसाठीच मी हे लिहायला बसलोय.

त्यांचं खरं आडनाव निमगाव केतकीत निम्म्यांना तरी ठाऊक नसावं. इंदापूर रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. शेडवर पाटी नव्हती. एस.टी.तून उतरलेला माणूस ‘ठोकळेमामाचं गॅरेज’ एवढंच विचारायचा आणि बरोबर पोचायचा.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती डोळ्याच्या गाडीमुळे. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत बारामतीतल्या एका ट्रस्टला परदेशातल्या कुणा दानशूर मंडळींनी एक लांबलचक पांढरी गाडी पाठवली होती. आत डोळे तपासायची खुर्ची, भिंगांचं यंत्र, औषधांची कपाटं. गावोगाव जायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे तपासायचे आणि ज्यांचा मोतीबिंदू पिकलाय त्यांना ऑपरेशनला बारामतीला आणायचं, असं ते काम. मी तिचा ड्रायव्हर आणि कुसुमताई तिच्यावरच्या सिस्टर. डॉक्टर बदलत राहायचे, आम्ही दोघं कायम. कुसुमताई माझ्याच गावच्या, वडगाव निंबाळकरच्या. विहाराजवळ त्यांचं घर. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी पदरात, आणि स्वभाव असा की रांगेत घुसणाऱ्या पुढाऱ्यालाही शेवटी नेऊन उभा करतील. मला भाऊ म्हणायच्या आणि सख्ख्या भावासारखं झापायच्याही.

त्या गाडीचा मागचा भाग स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांवर नव्हता, हवेच्या दोन जाड रबरी फुग्यांवर होता. एक डावीकडे, एक उजवीकडे. हवा भरायला खाली कॉम्प्रेसर, आणि कुठे किती हवा हवी हे ठरवायला एक बंद डबा. माणसं चढली, गाडी एका अंगाला कलली, की डबा आपोआप त्या बाजूला हवा भरून तिला सरळ करायचा. म्हातारं माणूस उतरणार असलं की बटण दाबायचं, गाडी मागून हलकेच खाली बसायची. गावातली पोरंटोरं तिला उंट म्हणायची. पण आपले रस्ते त्या उंटाला मानवले नाहीत. उसाच्या ट्रॉल्यांनी उखणलेली वाट, वर धूळ, खाली चिखल. दोन पावसाळ्यांत डब्याचं डोकं फिरलं. उभ्या उभ्या डावीकडे हवा भरायचा, उजवीकडची काढायचा, आणि कॉम्प्रेसर घरघरत राहून बॅटरी संपवून टाकायचा. कललेल्या गाडीत भिंगाचं यंत्र काय दाखवणार, कपाळ! त्या बनावटीचा डबा आता निघत नाही, असं परदेशातून उत्तर आलं. कॅम्प रद्द व्हायला लागले. तेव्हा कुणीतरी ठोकळेमामांचं नाव सांगितलं.

मामांच्या शेडमध्ये गाडी लावली आणि पहिल्याच दिवशी माझी करमणूक सुरू झाली. एखादी गाडी जॅकवरून खाली घ्यायची असो की नुसती मागे घ्यायची असो, मामा आधी भोवतालची माणसं मोजायचे. मोठ्याने, बोट दाखवून. गिऱ्हाईक, चहावाला, रस्त्यावरून डोकवायला आलेला रिकामटेकडा, सगळी. मोजणी जुळली तरच गाडी हलायची. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. संध्याकाळी जाळीच्या वाघरात मेंढरं घालताना वडील अशीच मोजायचे आणि एखादं कमी भरलं तर जेवायचे नाहीत. पुढे मेंढरं गेली, शेती आली, मामा गॅरेजच्या धंद्यात आले, मोजणी तेवढी राहिली. “माणूस दिसत न्हाय म्हंजे तो गाडीखाली हाय, असं धरून चालायचं,” असं ते मला म्हणाले होते.

दुसरी गोष्ट त्याहून चमत्कारिक. आपल्याकडे ‘सोड’ या शब्दावाचून पान हलत नाही. पाणी सोड, बैल सोड. एस.टी.चा कंडक्टर दार लावतो आणि ड्रायव्हरला सांगतो, सोड. अरुंद वाटेत ट्रॉली काढताना पुढे उभा राहिलेला गडी हात हलवत ओरडतो, सोड, सोड. आणि फुग्यातली हवा काढायची तरी सोडच. मामांच्या शेडमध्ये हा शब्द बंद होता. हवा भरायची तर ‘उठव’, काढायची तर ‘बसव’. तेही एकदा म्हणून भागत नसे. आतल्याने विचारायचं ‘बसवू?’, बाहेरच्याने वाकून खाली बघायचं आणि मगच म्हणायचं ‘बसव’. कुणा गिऱ्हाइकाने अनवधानाने ‘मामा, ऑइल सोडू का’ म्हटलं की मामा हातातलं काम टाकून उभे राहायचे. रागवायचे नाहीत. नुसते उभे राहायचे आणि त्यांच्या तोंडाचा रंग जायचा. मला ते त्यांचं खूळ वाटायचं.

आमच्या कामाला मात्र त्यांनी सरळ नकार दिला. गाडीखाली दोन्ही बाजूंना ठोकळे लावून, आडवे होऊन त्यांनी सगळं बघितलं आणि बाहेर येऊन सांगितलं की होण्यासारखं आहे. डबा काढून टाकायचा. कॉम्प्रेसरला बॅटरीवरून थेट तार आणायची, मधे रिले आणि फ्यूज घालायचा, आत एक बटण द्यायचं. दोन फुग्यांना दोन चाव्या आणि हवेचा दाब दाखवणारे दोन काटे. बटण दाबलं की हवा भरेल, चावी फिरवली की निघेल. होईल, पण मी करणार नाही.

का नाही, म्हणून मी खनपटीलाच बसलो. ते फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, “आज डबा ठरवतोय. उद्या माणसाचा हात ठरवणार. यंत्र चुकलं तर यंत्र झोपतं, डायवर. माणसाला झोप लागत न्हाय.”

मी हात हलवत परत आलो. दुसऱ्या दिवशी कुसुमताई स्वतः गेल्या. त्यांनी मामांना त्यांच्याच आळीतल्या सखूआजीबद्दल सांगितलं. कॅम्प रद्द झाल्यापासून म्हातारी चाचपडत चूल पेटवत होती आणि तिचा हात मनगटापर्यंत भाजला होता. मामांना ते माहीत होतं, पण डोळ्याच्या गाडीशी त्यांनी ते जोडलं नव्हतं. मग ताई म्हणाल्या, “मामा, चावीवर हात माझा असेल. खालून ‘बसव’ ऐकल्याशिवाय मी ती फिरवणार नाही. हा माझा शब्द.” मामांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्याच दुपारी डबा उघडला.

काम त्यांनी जीव लावून केलं. चाव्या आणि काटे ड्रायव्हरच्या सीटमागे बसवले, म्हणजे पुढून मला आणि आतून ताईंना, दोघांनाही हात पोचावा. भरायच्या बटणाला हिरवा रंग, चाव्यांना लाल. कुणी बटण दाबून विसरलाच तर जास्तीची हवा आपोआप निघून जावी अशी सोय केली. चावीपासून फुग्यापर्यंत जाड प्लास्टिकची नळी नेली. फुग्यापाशी नळीच्या तोंडाला एक बारीक कडी होती. ती बोटाने दाबून ओढलं की नळी निघायची. ते त्यांनी मला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं. एका हाताने निघते, म्हणून हिला कुणी हात लावायचा नाही, अशी तंबी दिली. कुसुमताईंना त्यांनी चावी फिरवायला शिकवलं ते एखाद्याला गाडी शिकवावी तसं, पुन्हा पुन्हा, ‘बसवू?’ आणि ‘बसव’चा घोष करत. ताईंना कंटाळा आला तरी सोडलं नाही.

काम पुरं झालं तेव्हा मी भलताच खुशीत होतो. सीटवर बसलो, मागे हात नेऊन लाल चावी धरली आणि गमतीने म्हणालो, “काय मामा, सोडू का?”

मामा तिथेच ठोकळ्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं. त्यांचा धाकटा भाऊ, सोपान. विहिरीचं काम चाललेलं, माती वाहायला मागे उलटणारी ट्रॉली. ट्रॉली वर उचललेली होती आणि सोपान खाली शिरून पिनेला ग्रीस देत होता. मामा ट्रॅक्टरवर, हात ट्रॉली उतरवायच्या दांड्यावर. बांधाच्या पलीकडून बैलगाडी येत होती आणि कुणीतरी गाडीवानाला म्हणालं, सोड. मामांना वाटलं, सोपान म्हणाला. त्यांनी दांडा खाली घेतला.

“माझ्या भावाचा आवाज मला वळखू आला न्हाय,” मामा म्हणाले.

नंतर त्यांना कुणी बोललं नाही. आई बोलली नाही, भावजयही नाही. सगळ्यांनी समजूतच काढली, आणि कुणीतरी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. अंथरुणाला पाठ टेकली की तो शब्द ऐकू यायचा आणि ते उठून अंगणात बसायचे. चावीवरचा हात काढला आणि खाली उतरून त्यांच्याशेजारी बसलो. कुसुमताईंना हे मी सांगितलं नाही. ज्याचं दुःख त्याने सांगावं.

गाडी झकास चालली. कलली की आम्ही काट्यांकडे बघून भरायचो, माणूस उतरवायचं की बसवायचो. सखूआजीचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर तिने आधी आपला भाजलेला हात बघितला आणि मग मामांच्या शेडसमोर उभी राहून त्यांच्या गॅरेजचा केर काढला नसल्याबद्दल त्यांना फैलावर घेतलं. मामांचं नाव बारामतीपर्यंत गेलं. लांबच्या बसवाले चौकशीला यायचे. मामा बहुतेकांना परत पाठवायचे. तुमच्या गाडीत चावीवर कोण असणार, हे त्यांना आधी कळायला हवं असे. आणि ते कुणालाच सांगता यायचं नाही.

कळंबचा कॅम्प लागला तेव्हा उसाचा हंगाम भरात होता. काही दिवसांपासून उजव्या फुग्याशी काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, म्हणून मामा आमच्याबरोबर आले होते. गाडी रस्त्याकडेला, शाळेच्या भिंतीलगत लावली. रांग मोठी होती. आल्या आल्या मामांनी दोन्ही बाजूंना ठोकळे लावले. डॉक्टर जेवायला उठले की निवांत बघू, असं म्हणून ते कडेला बसून राहिले.

दुपारी एक म्हातारी आली. कमरेत पार वाकलेली, काठी टेकत. गाडी ठोकळ्यांवर असल्यामुळे बसवता येत नव्हती, आणि पायरी तिच्या पायाला पोचेना. मी हात द्यायला गेलो तर मला झिडकारून म्हणाली, मी कुणाच्या हातानं चढत न्हाय. मामा उठले. उजव्या बाजूचा ठोकळा काढला, पायरीशी आणून ठेवला आणि म्हणाले, “दे पाय, आज्जे.” म्हातारी त्यावर पाय देऊन टेचात वर गेली. ठोकळा तिथेच राहिला. उतरताना तिला पुन्हा लागणारच होता.

मी शाळेच्या नळावर कळशी भरायला गेलो. तिथून मला मामा वाकलेले दिसले. फुगा आणि सांगाडा यांच्यामध्ये उसाचं पाचट अडकलं होतं, तेच घासत होतं. पुढे दिसलं म्हणून ओढायला गेले असतील. क्षणाचं काम. इतक्या वर्षांत त्यांनी जे केलं नव्हतं ते त्यांनी त्या दिवशी का केलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माणूस एका म्हातारीच्या पायाखाली ठोकळा देतो आणि आपल्या हाताखालचा विसरतो, एवढंच मला कळतं.

तेवढ्यात रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या. आमच्या गाडीमुळे वाट अरुंद झालेली. एक गडी खाली उतरला आणि आमच्या गाडीच्या अगदी मागे उभा राहून ट्रॅक्टरवाल्याला हात करू लागला. “सोड, सोड,” तो म्हणाला.

आत म्हातारीची तपासणी संपली होती. तिला उतरवायचं होतं. दाराशी रांग रेटत होती, रांगेतल्या दोघी जणी एकदम बोलत होत्या. गाडी ठोकळ्यांवर आहे हे त्या गडबडीत कुणाच्या डोक्यात राहणार? कुसुमताईंनी मागे हात नेला आणि लाल चावी फिरवली, आधी उजवीकडची. त्या दिवशी माणसं कुणी मोजली नव्हती. मोजणारा खाली होता.

मामा ओरडले नाहीत. जड ओझं उचलताना माणसाच्या तोंडून निघतो तसा आवाज आला. मी कळशी टाकून धावलो, आत उडी घेतली, चावी बंद केली आणि हिरवं बटण दाबून धरलं. कॉम्प्रेसर आपल्या चालीने भरत होता. त्याला घाई नव्हती. मी काट्याकडे बघत होतो, काटा उठता उठत नव्हता, आणि आयुष्यात मी कुठल्या वस्तूला इतक्या शिव्या दिल्या नसतील. कुसुमताई खाली मातीत पालथ्या पडून मामांचा खांदा धरून होत्या. गाडी उचलली गेल्यावर मी पायरीचा ठोकळा ओढून सांगाड्याखाली सारला. ताई पट्ट्या आणायला आत पळाल्या. लोक मामांना ओढायला पुढे झाले.

“थांबा,” मामा म्हणाले.

उजवा हात तर कामातून गेला होता. त्यांनी डावा हात वर नेला, फुग्यापाशी चाचपडले, कडी दाबली आणि नळी ओढून काढली. हवा मोठ्याने बाहेर पडली. गाडी ठोकळ्यावर टेकली. लोक घाबरून मागे सरले. कुणाला काही कळलं नाही. मी शेजारी गुडघ्यांवर होतो, मी बघितलं.

ताई पट्ट्या घेऊन आल्या तेव्हा नळी लोंबत होती. त्या काहीतरी म्हणणार एवढ्यात मामाच बोलले. “बाई, नळी सुटली. तुमी चावी फिरवायच्या आदीच सुटली. तुमच्या हातानं काय झालेलं न्हाय.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “व्हय ताई, नळी सुटली.” त्यानंतर ते बेशुद्ध झाले.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता मामा नाहीत, कुसुमताईही नाहीत. ज्यांना लागायचं ते कुणी उरलेलं नाही.

हात मनगटापासून काढावा लागला. ट्रस्टच्या मंडळींनी चौकशी केली तेव्हा मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं की नळी मीच नीट बसवली नव्हती, दोष माझा. गाडी दुसऱ्या गॅरेजला गेली आणि तिथे तिला फुगे काढून लोखंडी पाटे बसवले. ती उंटासारखी बसायची बंद झाली. इंदापूर रस्त्याच्या गॅरेजांमध्ये एखादं काम बिघडलं की ‘ठोकळेमामाची नळी’ असं म्हणायची पद्धत पडली. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या गाडीखाली आधी ठोकळा लावला, त्याच्यावर कामचुकारपणाचा ठपका. मला ते ऐकवत नसे. दोनदा तर मी मारामारीवर आलो होतो. गिऱ्हाईक हळूहळू तुटलं. शेडमध्ये मामा एकटेच खाटेवर बसलेले असायचे.

एकदा न राहवून मी म्हणालो, मामा, मी खरं काय ते सांगून टाकतो. ते एकदम सावरून बसले.

“माझं नाव गेलं तर लोकांना दुसरं गॅरेज हाय,” ते म्हणाले. “बाईंची झोप गेली तर दुसरी कुठनं आणायची?”

कुसुमताई दर आठवड्याला बारामतीहून यायच्या. जखम होती तोवर पट्टी बदलायला, आणि जखम भरल्यावरही, बाजारच्या दिवशी. मामांच्या घरच्यांना, म्हणजे मामींना, भाजी निवडू लागायच्या, डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावायला मामांना शिकवायच्या. ताई निघाल्या की मामा प्रत्येक वेळी विचारायचे, “बाई, झोप लागती न्हवं?” मला आधी हसू यायचं. दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरला काय विचारावं! ताई म्हणायच्या, “लागते की, मामा. पडल्या पडल्या लागते.” मग मामा मान हलवायचे आणि उशीला टेकायचे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते रात्रभर झोपायला लागले होते, असं त्यांच्या घरच्यांनी मला सांगितलं. हात गेला आणि झोप आली, असं त्या माउलीने म्हटलं तेव्हा मला रडावं की हसावं कळेना.

मामा गेले ते उन्हाळ्यात, दुपारचे, खाटेवर झोपेतच. ठोकळे उशाशी होते. दहाव्याला माणसं बेताचीच होती. गॅरेजवाल्यांपैकी कुणी फिरकलं नाही. विधी आटोपल्यावर मी कुसुमताईंना बारामतीच्या एस.टी.त बसवून द्यायला निमगावच्या स्टँडवर गेलो. गाडीला वेळ होता. बाकावर बसून मी मामांबद्दल काहीबाही बोलत होतो. ताई ऐकत नव्हत्या.

“भाऊ,” त्या मधेच म्हणाल्या, “सुटलेल्या नळीतून तुम्ही हवा भरलीत कशी?”

इतकी साधी गोष्ट. नळी आधीच सुटली असती तर मी कितीही वेळ बटण दाबून धरलं असतं तरी गाडी तसूभर उचलली नसती. हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही, चौकशी करणाऱ्यांच्या आलं नाही, टवाळी करणाऱ्या एकाही गॅरेजवाल्याच्या आलं नाही. मामांच्याही आलं नसावं. सोपानच्या वेळी करता आलं नाही ते एकदाचं करायला मिळालं, एवढंच त्यांना दिसलं असेल. “त्या दिवशी तुम्ही काटा बघत होतात,” ताई म्हणाल्या. “मातीतून उठून मी आत पट्ट्यांसाठी आले तेव्हा तो वर होता. पट्ट्या हातात घेतल्या आणि तो पडताना मी बघितला. ‘सोड’ म्हणणारा आवाज मामांचा नव्हता हे मला चावी फिरवतानाच कळलं होतं. हात थांबला नाही.”

“म्हणजे त्याच दिवसापासून?” मी विचारलं.

त्यांनी होय म्हणून मान हलवली. मामांच्या घरच्यांनी त्यांना सोपानचं पुढे कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा त्यांना सगळा उलगडा झाला.

“मग मामांना कधी बोलला नाहीत?”

“काय बोलणार? दर वेळी विचारायचे, झोप लागते का. मी लागते म्हणायचे, मग ते झोपायचे.” त्या पदराने तोंड पुसत राहिल्या. “आता कुणाला सांगायचं, लागत नाही म्हणून?”

गाडी आली. मी त्यांना खिडकीपाशी जागा धरून दिली आणि खाली उतरलो. माणसं चढली, टपावर पाट्या चढल्या. कंडक्टरने दार ओढून घेतलं, दोनदा घंटी मारली आणि ड्रायव्हरला म्हणाला, “सोड.”

कुसुमताईंनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून घेतले. मी वाकून गाडीखाली बघितलं. खाली कुणी नव्हतं. तसं त्यांना ओरडून सांगितलं, पण तोवर गाडी सुटली होती.